माळावरची द्राक्षं

आमची वस्ती नकाशात शोधायला गेलात तर सापडायची नाही. दिंडोरी तालुक्यात, ओझरकडून वाघाडच्या कालव्याला धरून आत वळलं की अकरा घरं लागतात. मारुतीचं देऊळ, एक जुनी चिंच, आणि घरांच्या मागे चढत गेलेला माळ. सातबाऱ्यावर नाव गावाचं, रेशनकार्डावरही गावाचंच. वस्तीचं नाव फक्त दूधवाल्याच्या आणि एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याचं विमान डोक्यावरून गेलं की गोठ्यातली वासरं अजून बिचकतात.

त्या माळातले दोन एकर आमचे. भावांच्या वाटणीत माझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या वाट्याला आले. वर जेमतेम वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर कुळीथ. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शेत दाखवताना विहिरीजवळची काळी जमीन दाखवली, थॉमसन या खायच्या द्राक्षाची बाग दाखवली आणि माळाकडे नुसता हात केला. “तिकडं काही नाही,” म्हणाल्या.

आज त्या माळावर वाईनची द्राक्षं उभी आहेत. ती कशी उभी राहिली ते लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं. वाईनच्या द्राक्षाबद्दल कानावर येतं ते एकतर फायद्याचं गणित असतं, नाहीतर बुडालेल्यांची गोष्ट. मधल्या तीन वर्षांत नेमकं काय करावं लागतं, ते कुणी सांगत नाही. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

द्राक्ष आमच्या भागाला नवं नाही. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास सुरुवात केली, आणि आता पिंपळगाव, निफाड, दिंडोरी कुठेही जा, मांडवच मांडव. पण ही सगळी खायची द्राक्षं. २०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा आमची थॉमसन काढणीला पाच-सहा दिवस राहिली होती. वीस मिनिटांत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी बागेत पाय ठेवला तर खाली फुटलेल्या मण्यांचा चिखल आणि वर आंबूस वास. माझे यजमान दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

गार वाईनच्या द्राक्षाला सोडते असं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सगळा पैसा एकाच बागेत, एकाच बाजारात अडकलेला असू नये, हे त्या वर्षी पक्कं झालं. आणि थॉमसनचा खर्च तरी केवढा! मणी फुगवायला घड जीए या संजीवकात बुडवायचे, म्हणजे डिप, मग मणी विरळणी, घडाला कागद, निर्यातीचं असेल तर औषधाच्या अंशांची तपासणी. मणी मोठा, गोल, एकसारखा हवा, अंगावर डाग नको. सगळा खेळ दिसण्याचा.

२०१५ च्या दिवाळीनंतर एका वायनरीचा माणूस गावात आला. शेतकीची पदवी घेतलेला तरुण मुलगा. त्याने विहिरीजवळची काळी जमीन पाहिली आणि नको म्हणाला. भारी जमिनीत वेल माजतो, पानंच पानं करतो आणि रस पांचट होतो, असं त्याचं म्हणणं. मग त्याची नजर माळाकडे गेली. वर चढला, खड्डा करायला लावला, मुरूम मुठीत घेऊन चुरला. “हे कोणाचं?” म्हणून विचारलं.

आबांचं, असं मी सांगितलं.

खरी अडचण तिथेच होती. आबा माळकरी. पंचेचाळीस वर्षं पौष वद्य एकादशीला दिंडीबरोबर पायी त्र्यंबकेश्वरला जातात, निवृत्तिनाथांच्या यात्रेला. त्यांच्या ताटात कांदा-लसूणसुद्धा नाही. वाईन म्हणजे दारू आणि दारूसाठी आपली जमीन, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. यांनी समजावून पाहिलं की द्राक्ष ते द्राक्षच. आबा म्हणाले, “द्राक्ष कशासाठी लावतो ते वेलीला ठाऊक नसतं, आपल्याला असतं.” त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मला त्यांचं म्हणणं आजही चूक वाटत नाही.

महिनाभर घरात तो विषय निघाला नाही. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, “जमीन तुमच्या नावावर करून दिलीय. करा. मी तिकडं पाय ठेवणार नाही.” आणि तो शब्द त्यांनी पाळला.

करार वाचायला मी तीन रात्री घेतल्या. कारण आमच्या वस्तीतल्याच दोन घरांनी आधी वाईनची द्राक्षं लावून उपटली होती. २००१ मध्ये राज्य सरकारचं वाईनचं धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, जो तो लावायला लागला. मग २००८-०९ ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, नवा माल घेणार कोण? खायला ही द्राक्षं कुणी घेत नाही. मणी वाटाण्याएवढा, आत बिया. शेजारच्या काकांनी त्या वर्षी घड वेलीवरच सोडून दिले आणि पुढच्या एप्रिलात वेल मुळासकट काढले. म्हणून आम्ही दर काय आहे याच्या आधी एकच विचारलं, माल उचलायला गाडी आली नाही तर काय? त्यावर करारात एक मोघम ओळ होती. ती स्पष्ट करून घ्यायला हवी होती, आणि आम्ही घेतली नाही. त्याचं पुढे सांगते.

२०१६ च्या फेब्रुवारीत खुंटं, म्हणजे ज्यांवर पुढे कलम बांधायचं ती रोपं, लावली. जेसीबीने मुरमात चर काढले, त्यात शेणखत आणि कालव्याकडची गाळमाती भरली. ओळी उत्तर-दक्षिण, म्हणजे सकाळचं ऊन एका अंगाला आणि दुपारचं दुसऱ्या अंगाला. दोन ओळींत आठ फूट, दोन वेलींत चार. एकराला साधारण १,३६० झाडं बसतात, दोन एकरांत २,७०० च्या वर. त्या वर्षी पाण्याची अशी ओढ होती की नाशिकचं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून भांडणं पेटली होती. आमच्याकडे वाघाडचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था वाटतात. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ही घडी बसवली, म्हणून टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसालाही पाळी मिळते. तरी त्या उन्हाळ्यात पाळी लांबत गेली. ठिबकचं पाणी संपलं की मी आणि जाऊबाई डबड्यांनी खुंटांना पाणी घालायचो. रात्री, कारण दिवसा घातलेलं पाणी मुरूम तिथल्या तिथे पिऊन टाकायचा.

सप्टेंबरात कलमं. खुंटाची काडी पेन्सिलीएवढी जाड झाली की जमिनीपासून वीतभर उंचीवर कापायची, मधोमध चीर द्यायची. वायनरीकडून आलेल्या काडीचे दोन डोळ्यांचे तुकडे, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर केलेले. पाचर चिरेत बसवली की साल सालीला भिडली पाहिजे, निदान एका बाजूला तरी. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायचं. कलम बांधणाऱ्या टोळीतला एक म्हातारा माणूस डोळे मिटून अंगठ्याने जोड चाचपायचा. ज्या जोडावर त्याचा अंगठा थांबायचा तो सोडून पुन्हा बांधायचा. पंधरा दिवसांनी डोळे फुगले, पोपटी फूट निघाली. दहातली एखाद-दुसरी काडी मात्र वाळलेलीच राहिली. त्या नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भरण्यात आणखी एक वर्ष गेलं.

जात होती सॉव्हिन्याँ ब्लाँ. मजूर बायांनी तिची पहिल्याच आठवड्यात “सावी” केली आणि आमच्याकडे तेच नाव राहिलं. वायनरीच्या त्या मुलाने सांगितलं, ही मूळची फ्रान्सची. तिथे सांसेरजवळ शाव्हिन्योल नावाचं एक खेडं आहे, एवढंसंच, तिथल्या चुनखडीच्या उतारावर हीच जात असते आणि दूरदूरचे लोक त्या खेड्याचं नाव घेऊन वाईन मागतात. त्या संध्याकाळी मी माळावर जरा जास्त वेळ थांबले. आमच्याकडे बाटलीवर “नाशिक” येतं, फार तर “दिंडोरी”. वस्तीचं नाव बाटलीवर येणं राहू द्या, पण जमीन नापीक म्हणून जे दोन एकर कुणी धड पाहिले नव्हते, ते नेमके त्याच गुणासाठी कुणाला तरी हवे होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

२०१७ पूर्ण वर्ष वेल उभा करण्यात गेलं. फेब्रुवारीत रिकट, म्हणजे कलमाची फूट पुन्हा खाली छाटणं, मग सरळ खोड वर नेणं, तारेला पोचलं की शेंडा मारून दोन्हीकडे ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, वळवणं. यात सांगण्यासारखं फार नाही. फक्त एवढंच की ज्याने इथे घाई केली, त्याचा ओलांडा कायमचा कुठे जाड, कुठे बारीक राहतो आणि डोळे सारखे फुटत नाहीत. आमच्या वरच्या चार ओळींत तसं झालंय. अजून दिसतं.

वाईनची बाग मांडवावर नसते. तारा उभ्या, एकावर एक, आणि काड्या त्यातून सरळ वर नेलेल्या. लांबून हिरव्या भिंतींच्या रांगा दिसतात. घड सगळे एका रेषेत, कमरेच्या उंचीला. थॉमसनमध्ये आम्ही जन्मभर मान वर करून काम केलं. इथे पहिल्यांदाच मानेला आराम आणि कमरेला रग.

मग २०१८ चा एप्रिल, पहिली खरी खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या बुडाशी छाटून नव्या येऊ देणं. नव्या माणसाला वाटतं द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीतून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीतून येतात. खरं तर पुढच्या हंगामाचा घड एप्रिलनंतरच्या पन्नास-साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात बसतो. तेव्हा ऊन मिळालं नाही, काड्यांची गर्दी झाली की डोळा वांझ. सप्टेंबरात तुम्ही काहीही करा, नुसती पानं येणार. म्हणून जून लागायच्या आत जास्तीच्या काड्या काढल्या.

पावसाळ्यात बोर्डो मारलं. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, शंभर लिटर पाण्याला एक-एक किलो. आमच्या घरी हे काम कायम माझ्याकडे असतं. मिश्रण झालं की त्यात घासून लख्ख केलेला विळा बुडवते आणि वर काढून उजेडात धरते. पात्यावर तांबूस पुट चढलं तर मोरचूद मोकळं आहे, पानं जळतील, आणखी चुना. पातं जसंच्या तसं निघालं तर फवारायला हरकत नाही. केवडा या बुरशीच्या रोगावरचं हे औषध आम्ही पिढ्यान् पिढ्या मारतो, आणि ते ज्या बोर्डोच्या नावाने ओळखतो ते फ्रान्समधलं वाईनचंच गाव आहे, तिथल्याच बागांत ते १८८० च्या दशकात सापडलं, हे मला माळावर वाईनची द्राक्षं लावल्यावर कळलं.

सप्टेंबरच्या अठराला गोडी छाटणी. त्या वर्षी परतीचा पाऊस नावालाच आला. तालुके दुष्काळी जाहीर होत होते आणि द्राक्षवाले मात्र फुलोरा कोरडा गेला म्हणून सुटकेचा श्वास सोडत होते. त्याच आभाळाखाली शेजारच्या जिरायती माणसाची बाजरी करपली होती. त्याच्यासमोर मला आनंद दाखवता आला नाही.

घड धरले आणि तिथून आमचं सगळं शिकलेलं उलटं करावं लागलं. थॉमसनला आम्ही एकरी दहा-बारा टन काढतो. इथे पाचाच्या वर नको, असं करारात लिहिलेलं. म्हणजे वेलीला साडेतीन-पावणेचार किलो. चांगले भरलेले घड कापून जमिनीवर टाकायचे. पहिल्या दिवशी आमच्याकडच्या सुरगाण्याच्या बायांनी हातातल्या कात्र्या खाली ठेवल्या. “ताई, हे पाप आहे,” त्यांच्यातली मोठी म्हणाली. मी स्वतः पहिली ओळ कापली, तेव्हा त्यांनी हात लावला. संध्याकाळी ओळींमधली जमीन हिरवी झाली होती, आणि मला गारपिटीचा दिवस आठवत होता.

मग घडाजवळची पानं काढायची, पण फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची. दुपारच्या बाजूची काढली तर मणी भाजतो. या जातीच्या रसाला कच्च्या ढोबळी मिरचीसारखा एक हिरवा वास असतो. थोडा असला तर तो तिचा गुण, जास्त असला तर दोष. सकाळचं ऊन तो वास बेताचा ठेवतं. पान तोडताना बोटांना तो वास लागायचा आणि भाकरी थापतानाही जायचा नाही.

डिसेंबरच्या अखेरीस कडाक्याची थंडी पडली. निफाडकडे पानांवरचं दव गोठल्याच्या बातम्या आल्या. लोकांनी बागांत शेकोट्या पेटवल्या. आमची साखर आठ दिवस जागची हलली नाही.

साखर मोजायचं काम माझं. दर तिसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माळ चढायचा. दोनशे मणी, सगळ्या ओळींतून, घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि टोकाचे, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूचे. फक्त गोड दिसतील तेच तोडले तर आपणच आपल्याला फसवतो. पिशवी चुरगाळून रस गाळायचा, एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे साखर मोजायच्या नळीच्या, काचेवर आणि नळी उजेडाकडे. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात तो साखरेचा आकडा. १७. साडेसतरा. थंडीत तेच. मग १९, २०. त्याबरोबर बी चावून बघायची. कच्ची बी हिरवट आणि तुरट, दाताला चिकटते. पिकली की तपकिरी होते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडुम वाजते. माझी वही अजून आहे. २४ जानेवारीला त्यात लिहिलंय: साडेएकवीस, बी वाजते.

मी वायनरीला फोन केला. उत्तर आलं, टाकी मोकळी नाही, दोन दिवस थांबा. दोनाचे पाच झाले. साखर साडेबावीसच्या पुढे गेली, आंबटपणा उतरायला लागला, कडेच्या वेलींवर साळुंक्या तुटून पडल्या आणि काही घडांचे मणी सुरकुतले. सुरकुतलेला मणी म्हणजे गेलेलं वजन, आणि पैसे वजनावर. करारातली ती मोघम ओळ म्हणजे हे. जो कुणी हा करार करायचा विचार करत असेल त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: साखर ठरल्या आकड्याला पोचल्याचं कळवल्यापासून किती दिवसांत माल उचलणार आणि उशीर झाला तर तूट कोणाची, हे लेखी घ्या. दराच्या एका रुपयावर घासाघीस करण्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही ते लिहून घेतलं, आणि त्यांनीही दिलं.

शेवटी निरोप आला, ३१ तारखेला गाडी. त्याच दिवशी पौष वद्य एकादशी होती. आबा दोन दिवस आधीच दिंडीबरोबर निघाले होते.

काढणी रात्री असते. द्राक्ष थंड असतानाच वायनरीत पोचलं पाहिजे, नाहीतर वाटेतच रस सुटून आंबायला लागतो. तीन वाजता वस्ती उठली. अकरा घरांपैकी नऊ घरांतली माणसं आली, आम्ही न बोलावताच. कपाळाला बॅटऱ्या, कानाला मफलर, बोटं थंडीने आखडलेली. क्रेट पूर्ण भरायचा नाही, खालच्या मण्यांवर दाब येतो. पान नको, सुरकुतलेला मणी नको. अंधारात नुसता कात्र्यांचा आवाज, आणि मधूनच एखादीचं “अगं, इकडं उजेड धर.” खालच्या बांधावरून पाहिलं तर माळावर दिवे ओळीने सरकत होते. त्या माळावर रात्रीचा दिवा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

साडेआठला शेवटचा क्रेट चढला. काट्यावर दोन एकरांचे सात टन आणि वर थोडे किलो. पहिलं पीक, त्यात वजन घटलेलं, तरी आम्ही धरलेल्यापेक्षा जास्त. पैसे दोन हप्त्यांत आले, दुसरा एप्रिलमध्ये.

मार्चमध्ये वायनरीने शेतकऱ्यांना बोलावलं होतं. टाकीच्या नळातून काढलेली, अजून गढूळ असलेली आमच्या माळाची वाईन एका पेल्यात दिली. मी आधी वास घेतला. पेरू, ओलं गवत आणि त्याच्यामागे माझ्या बोटांना लागायचा तोच हिरवा वास. एक घोट घेतला, उरलेली ठेवून दिली. घरी बाटली आणली नाही. आबांच्या घरात ती येणार नाही, हे आम्हा दोघांत न बोलताच ठरलेलं आहे.

आबांना मी वासाचं सांगितलं नाही. वजन सांगितलं. ते म्हणाले, “माळाचं सात टन?” आणि पुन्हा एकदा, हळू, “माळाचं?”

एप्रिलच्या खरड छाटणीला आम्ही पहाटेच कात्र्या लावल्या. दहाच्या सुमाराला वर पाहिलं तर आबा बांधावर उभे, काठी टेकून. आत आले नाहीत. वरच्या चार ओळींचा ओलांडा, तोच वेडावाकडा झालेला, त्यांना तिथून दिसत असावा.

“तिकडं डोळे जपून राखा,” ते म्हणाले, आणि वळून घराकडे गेले.